गरम गाडी परत सुरू होईना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी. सकाळी अर्ध्या सेल्फात उठते. पण लातूरहून अंबाजोगाईला जाऊन चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबलो, की सेल्फ नुसता फिरतो, इंजिन पकडत नाही. तासभर बॉनेट उघडं ठेवलं की लगेच चालू! अडली तेव्हा प्लग काढून पाहिला, तर पेट्रोलने ओला. स्पार्क पिवळसर, मरतुकडा. गाडी थंड असताना तोच टणटणीत निळा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही उठत नाही.

मला कॉइलचा (प्लगला स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) संशय आहे. मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटरच बदला. ते पटत नाही, पण कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधलं (पेट्रोल साठतं तो छोटा कप्पा) पेट्रोल उकळून इंजिनात उतरत असेल तर? कॉइलवर ओलं फडकं टाकून बघावं, की आधी स्पार्कच्या सर्किटमधला कंडेन्सर बदलावा? उन्हाळ्यात आईला घेऊन फिरायचं असतं, रस्त्यात अडकून चालणार नाही. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.