लघवी सुटण्यावरच्या ऑपरेशननंतर रोजचं जगणं कसं आहे?

मैत्रिणींनो, खोकताना, शिंकताना, जिना उतरताना लघवी सुटणं 'बाळंतपणानंतर व्हायचंच' म्हणून आपल्याकडे दाबून टाकतात. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी नंतरचं लिहा. बरं-वाईट दोन्ही लिहा, नाव नको.

विरार, वय ५२
नोकरी चर्चगेटला. लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून सकाळचा चहा बंद आणि पाणी ऑफिसात पोचल्यावरच. डॉक्टरबाईंनी आधी तीन महिने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम करून घेतले. फरक पडला, पण गाडीसाठी धावलं की कपडे ओले व्हायचेच. मग टीव्हीटी नावाचं ऑपरेशन केलं. मूत्रनलिकेखाली सेंटिमीटरभर रुंद कृत्रिम जाळीची पट्टी बसवतात, पोटावर जोर आला की नलिकेला तिचा आधार मिळतो. सुरुवातीला धार फार बारीक यायची, मूत्राशय रिकामं झाल्यासारखं वाटायचं नाही. फार घाबरले होते. हळूहळू सुधारलं. सहा आठवडे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नव्हती. आता चहा पिऊन निघते. दादरला गर्दीचा लोंढा अंगावर आला, शिंक आली, तरी लक्ष खाली जात नाही. डोक्यातला तो चोवीस तासांचा पहारा उठला, हे मला कपडे कोरडे राहण्याहूनही मोठं वाटतं.

गिरगाव, वय ६१
माझं दोन्ही होतं. खोकल्यावर सुटायची, शिवाय एकदम घाई व्हायची, कुलूप उघडेपर्यंत धीर निघायचा नाही. पट्टीने खोकल्याचं थांबलं. घाई राहिली, त्यावर गोळ्या चालू आहेत. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, त्यामुळे रात्री अजून त्रास होतो. पण युरोडायनॅमिक तपासणीनंतर (मूत्राशय कसं काम करतं ते बघतात) डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितलं होतं, म्हणून फसल्यासारखं वाटत नाही. आपला प्रकार कोणता, हे कळल्याशिवाय कुणीही ऑपरेशनला हो म्हणू नका.

मुलुंड, वय ४७
इंग्लंडमध्ये २०१८ साली यासाठी जाळी वापरायला स्थगिती दिली, हे वाचून मी धास्तावले. पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची, म्हणजे स्वतःच्याच शरीरातली पट्टी लावून घेतली. पोटावर टाके, सावरायला वेळ लागला. पण आता नवऱ्याजवळ जाताना अंग चोरत नाही. हे कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

लालबाग, आईबद्दल लिहितेय
वासाच्या भीतीने आईने भजन सोडलं होतं. आता पुन्हा जाते, आणि पुढे बसते.

विचारणारी, दहिसर
मुलुंडच्या ताई, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घरी किती दिवस होती? माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे, रजा त्याप्रमाणे टाकायची आहे.