विषय: बाबांसाठी ऑटोमॅटिक सेडान, मारुती डिझायर की होंडा अमेझ? (गुहागर)

नमस्कार मंडळी,
गुहागरला आई-बाबांसाठी गाडी घ्यायचीय. ऑटोमॅटिकच हवी, बाबांच्या गुडघ्याला आता क्लच झेपत नाही, आणि सेडानच पाहिजे हा त्यांचा हट्ट कारण मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाटातून पुण्याला जायचं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला त्यामुळे दोन्ही बजेटात बसतायत. माझा कल डिझायरकडे, सनरूफ आहे, मायलेज पंचविसाच्या वर सांगतात. अमेझच्या टॉप मॉडेलला एडास आहे म्हणे, म्हणजे कॅमेऱ्याने रस्त्यावरचे पट्टे आणि पुढची गाडी बघून चालवणाऱ्याला मदत करणारी यंत्रणा. सीएनजीचं काय?
– मस्कतहून

---

अरे बाबा, सनरूफ तू सुट्टीवर आल्यावर उघडणार, गाडी बाबा चालवणार. आणि आपल्या रस्त्यांवर पट्टे नाहीत, गुरं मात्र आहेत, त्या एडासच्या भरवशावर कोण राहणार?

सीएनजी सोड. डिझायरला ते मॅन्युअलमध्येच येतं, शिवाय टाकी डिकीत बसते, मग पेट्या काय टपावर बांधणार? पेट्रोलमध्ये डिकी डिझायरची ३८२ लिटर, अमेझची ४१६.

खरा फरक गिअरबॉक्सचा. डिझायरला एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन सांभाळतं. अमेझला सीव्हीटी, त्यात ठरावीक गिअरच नाहीत त्यामुळे झटका नाही. सरळ रस्त्याला एएमटी चांगली चालते, पण तुमच्या घराकडची ती जांभ्याची चढण आठव, वर वळणालाच चिऱ्यांचा गडगा आणि समोरून रिक्षा आली की रिव्हर्स घ्यायचा. ब्रेक सोडल्यावर हिल होल्ड गाडी दोन-तीन सेकंद धरतो, तेवढ्यात अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, आणि इंच इंच सरकवताना एएमटी अडखळते. सीव्हीटी तिथे गुमान सरकते. घाटात जोरात दाबलीस तर मात्र इंजिन मिक्सरसारखं ओरडतं आणि गाडी आपली सावकाश, बाबांना घाई नाही म्हणून चालेल. उतरताना एएमटी मॅन्युअल मोडला टाकून खालचा गिअर धरता येतो.

अमेझ चार सिलिंडर, ताकद ९० पीएस. डिझायर तीन सिलिंडर, ८२च्या आसपास, उभी असताना थोडी थरथरते. मायलेज कागदावर डिझायर एएमटी २५.७१, अमेझ सीव्हीटी १९.४६, पण बाजारहाट आणि वर्षातून चार वेळा चिपळूण एवढ्यावर किती पैसे वाचणार? ग्राउंड क्लिअरन्स डिझायरचा १६३, अमेझचा १७२ मिमी. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी दोन्ही सांभाळूनच चढवायच्या.

मारुतीचं एक खरं, सर्व्हिस आणि पार्ट कुठेही मिळतात, आडगावचा मेकॅनिकसुद्धा हात घालतो. होंडाचं जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब पडतं ते आधी बघ, ते फार लांब असेल तर मी एवढं लिहिलेलं बाजूला ठेव आणि डिझायर घे.
– काका, दाभोळ

---

काका, पटलं. बाबांना फोन लावला, त्यांचं म्हणणं एकच, "आईला उतरताना गुडघे दुखता कामा नयेत, सीट किती खाली आहे ते कोणी बघितलंय?" आता दोन्ही शोरूमवाल्यांना सांगतोय की टेस्ट ड्राइव्हची गाडी घराच्या चढणीवरच आणा आणि आईला पुढे बसवा. होंडावाले चिपळूणच्या पुढे गाडी आणायला कुरकुरतायत. तुम्ही शनिवारी गुहागरात असाल तर बाबांबरोबर जाल का?