फॉलोअर्स आहेत, कौतुक आहे, पैसे मात्र शून्य. सुरुवात कुठून करू?

शाईचा_डाग

नमनाला घडाभर तेल नको म्हणून थेट मुद्द्यावर येते. तीन वर्षं झाली, मी लेटरिंग करते, म्हणजे टॅबवर अक्षरं काढते आणि ती काढतानाचे छोटे व्हिडिओ टाकते. इन्स्टावर अकरा हजार फॉलोअर्स आहेत, एक रील तर चार लाख लोकांनी पाहिलं, आणि आजपर्यंतची एकूण कमाई शून्य. अक्षरशः शून्य.

नोकरी आहे, ती सोडायची नाहीये. रोज संध्याकाळी दीड तास मिळतो, त्यातच हे सगळं. आता वाटतं की एवढं करतोच आहोत तर निदान टॅबच्या पेनाचा खर्च तरी सुटावा. कोण म्हणतं यूट्यूबवर जा, जाहिरातींचे पैसे येतात, कोण म्हणतं कोर्स काढ, कोण म्हणतं पेट्रिऑन, म्हणजे जिथे चाहते दर महिन्याला थोडे पैसे देतात ती साइट. मागे एका बाईंनी विचारलं होतं, माझ्या छोट्या व्यवसायासाठी नाव लिहून द्याल का, किती घ्याल? आणि मी काय म्हणाले असेन? "अहो काही नको, तुम्हाला आवडलं यातच सगळं आलं." त्या बिचाऱ्या परत आल्याच नाहीत, फुकट मागायला त्यांना संकोच वाटला असणार. तर सुरुवात कुठून करू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, ऐकीव सल्ले बरेच झालेत.

जुनी_खोड

जाहिरातींचं आधी डोक्यातून काढा, कारण सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच दमतात. मीही तेच केलं.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास वॉचटाइम लागतो, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे (यूट्यूबवरचे छोटे उभे व्हिडिओ) १ कोटी व्ह्यूज. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं टिकला (आणि तीन मिनिटं टिकला तरी खूप) तर ८० हजार वेळा कोणीतरी तुमचा मोठा व्हिडिओ बघायला हवा. शॉर्ट्स फीडमधला वेळ या ४००० तासांत धरतच नाहीत, म्हणजे तुमची तीस सेकंदांची रील्स तिकडे तशीच टाकलीत तर त्या तासांच्या हिशोबात काही पडत नाही. त्याच्या खालची एक पायरी आहे, ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि ३००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज, पण त्यात मेंबरशिप, सुपर थँक्स वगैरे (म्हणजे प्रेक्षक थेट पैसे देतात ते) सुरू होतं, जाहिराती नाहीत.

हे सगळं पार केलं की मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्समध्ये ४५. ऐकायला भारी वाटतं, पण १०० डॉलर जमल्याशिवाय ॲडसेन्स (जाहिरातींचे पैसे गूगल ज्यातून देतं ते) पैसे सोडत नाही आणि पहिले १०० जमायला मला नऊ महिने लागले. नऊ महिने! त्याच काळात दोन जणांचे व्हिडिओ एडिट करून दिले त्याचे यापेक्षा जास्त आले, आणि ते दोघं मला भेटले कुठून तर माझ्याच चॅनेलवरून. चॅनेल बंद करा असं म्हणत नाही. चॅनेल ही तुमची पाटी आहे, गल्ला नाही.

रेषेवरची

+१ जुनी_खोड.

शाईचा_डाग, तुझं उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे गं. त्या बाई. कोणीतरी स्वतःहून पैसे द्यायला आलं होतं आणि तू त्यांना परत पाठवलंस. भीड भिकेची बहीण म्हणतात ते असं.

मी लोगो आणि लेटरिंग करून पाच वर्षं कमावतेय (पूर्ण वेळ दोनच). पहिली कमाई कामातूनच येते, म्हणजे एका माणसाचं एक काम करून दे आणि पैसे घे. त्याला अकरा हजार लोक लागत नाहीत, एक पुरतो. आणि त्यात तुला कळतं की लोक नक्की कशाचे पैसे देतात, जे घरात बसून कळत नाही.

आता किती घ्यायचे. पहिल्या कामाला घड्याळ लाव. नुसतं अक्षर काढायचा वेळ धरू नकोस, बोलणं, तीन कच्चे नमुने, "जरा ठळक करा ना", फाइली करून पाठवणं, सगळं. मला वाटायचं चार तासांचं काम आहे, निघालं अकरा तासांचं. त्या अकरा तासांना तुझ्या नोकरीच्या तासाच्या दराने गुण आणि त्याच्या खाली जाऊ नकोस. वर जायला मोकळीक आहे.

बाकी माझे नियम चटके खाऊन झालेले आहेत. एका गिऱ्हाइकाने (नाव नको) फक्त सोशल मीडियासाठी म्हणून लोगो करून घेतला, चौदा वेळा बदलून घेतला, हो मोजले होते मी, आणि सहा महिन्यांनी तो टीशर्टवर छापून विकायला लागला. मी भांडायला गेले तर म्हणाला पैसे दिलेत ना. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. तेव्हापासून काम सुरू करायच्या आधी निम्मे पैसे, दोनदा दुरुस्ती फुकट आणि तिसरीपासून वेगळे, छोटा नमुना दाखवायचा पण मोठी फाइल बाकीचे पैसे आल्यावरच. आणि कुठे वापरणार ते मेसेजमध्ये लिहून घ्यायचं. चित्र विकणं आणि चित्र वापरायची परवानगी विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त पोस्टसाठी एक दर, विकायच्या वस्तूवर छापणार तर वेगळा, सगळे हक्क कायमचे हवेत तर तो आकडा ऐकून समोरचा गप्प बसला पाहिजे.

फायव्हरसारख्या, म्हणजे छोटी कामं मिळवून देणाऱ्या साइटवर जायचं असेल तर जा, पण ते २० टक्के कापतात हे धरून दर लाव. तुझ्याकडे स्वतःचे लोक आहेत, तुला तिथे रांगेत उभं राहायची गरज नाही असं माझं मत.

नाममात्र

थोडा असहमत. रेषेवरची यांचं सगळं बरोबर आहे पण शाईचा_डाग यांना संध्याकाळी दीडच तास आहे. कामं घ्यायला लागलात की ती दुसरी नोकरी होते, आणि बॉस एकाचे पाच. दीड तासवाल्यांनी एकदा करून पुन्हापुन्हा विकता येईल असं काहीतरी करावं. ब्रश, सरावाचे कागद, टेम्प्लेट, असलं.

पण थांबा, लगेच ब्रशचा संच करायला बसू नका. मी एक अख्खा फॉन्ट केला होता, चार महिने लागले, जोडाक्षरं करताना तर डोळ्यांपुढे काजवे, एक क्ष नीट बसायला दोन रात्री. किती विकला गेला? तीन प्रती, त्यातली एक भावाने घेतली. मग एकदा कोणीतरी म्हणालं की तुम्ही सरावाला ज्या रेघा आखून घेता त्याची पीडीएफ द्या ना. एका संध्याकाळी बारा पानं केली, विकायला ठेवली, ती अजून विकली जाते. फॉन्ट मला करायचा होता, पानं लोकांना हवी होती. एवढाच फरक आणि तो कळायला माझे चार महिने गेले.

विकायच्या साइटचं कमिशन सगळीकडे आहे. गमरोड (अशा फाइली विकायची साइट) दर विक्रीला १० टक्के अधिक ५० सेंट घेतं, कार्ड प्रोसेसिंगचं वेगळं, आणि त्यांच्या डिस्कव्हर पानावरून गिऱ्हाईक आलं तर ३० टक्के. म्हणून दोन डॉलरची सुटी वस्तू विकू नका, त्यातले निदान ७० सेंट तिथेच जातात, चार वस्तूंचा एक संच करा. एट्सीवर (हाताने केलेल्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार) प्रत्येक वस्तू लावायला २० सेंट आणि विकली की ६.५ टक्के, शिवाय पेमेंटचे. पेट्रिऑन नव्या लोकांना १० टक्के. पण पेट्रिऑनला दर महिन्याला काहीतरी द्यावं लागतं, आजारी पडलात तरी द्यावं लागतं, नवीन माणसाने त्यात पडू नये.

अजून एक, विकत घेणाऱ्यांचे ईमेल जपून ठेवा, अर्थात त्यांना विचारून. इन्स्टाने उद्या तुमची पोस्ट कोणाला दाखवलीच नाही तर अकरा हजाराला काय करायचंय.

शाईचा_डाग

बाप रे, एवढी उत्तरं. सगळ्यांना धन्यवाद.

काल रात्री बसून इनबॉक्स उपसला. विचारपूस करणारे मेसेज निघाले ३७. त्यातले १९ "कोणता ब्रश वापरता", ९ "आमचं नाव लिहून द्याल का", ४ "शिकवता का". मी नऊच्या नऊ जणांना हार्ट पाठवून मोकळी झाले होते, आता स्वतःचाच राग येतोय. उरलेले ५ "कोलॅब" वाले, म्हणजे वस्तू पाठवतो, तुम्ही व्हिडिओ करा. हे घ्यायचं का? आणि ब्रश माझा नाहीच, ॲपमध्ये येतो तोच वापरते, मग १९ जणांना काय विकू?

दोन_ओळी

कोलॅबबद्दल सांगतो, बाकीचं वर झालंय.

वस्तू तुम्हाला एरवी विकत घ्यायचीच होती का? असेल तर घ्या. नसेल तर तुम्ही एका डबीसाठी दोन संध्याकाळी काम करताय. पैसे देणारा ब्रँड आला तर तीन गोष्टी विचारा. व्हिडिओ किती दिवस ठेवायचा, ब्रँड तो स्वतःच्या जाहिरातीत चालवणार का (चालवणार तर वेगळे पैसे, इथे सगळे फसतात), आणि तेवढ्या काळात तशाच दुसऱ्या ब्रँडचं काम करायला बंदी आहे का. पैसे घेतले असोत की फुकट वस्तू, व्हिडिओत तसं स्पष्ट लिहा, पेड पार्टनरशिपचं लेबल त्यासाठीच असतं. ते लावलं नाही आणि लोकांना नंतर कळलं तर तीन वर्षांची पत एका दिवसात जाते.

आणि "करार सोबत जोडला आहे" म्हणून झिप फाइल आली तर उघडू नका. माझ्या मित्राचा चॅनेल असाच गेला, फाइल उघडली, ब्राउझरमधलं लॉगिन चोरलं गेलं, पासवर्ड बदलेपर्यंत चॅनेलचं नाव बदलून वर भलतंच लाइव्ह चालू. ओटीपी वगैरे सगळं चालू होतं त्याचं, तरी गेला.

नाममात्र

ब्रशवाल्यांना ब्रश नकोच आहे हो. त्यांना वाटतं ब्रशमुळे अक्षर येतं. तुम्ही त्याच ब्रशवर दाब किती, पेन किती तिरका, सेटिंग काय ठेवलंय, हे एका पानावर काढा आणि खाली सरावाच्या रेघा. झालं. पहिलं पान फुकट द्या, पुढची दहा विकत.

रेषेवरची

आणि त्या चार शिकणाऱ्यांसाठी कोर्स रेकॉर्ड करत बसू नकोस हं. चौघांना बोलाव, व्हिडिओ कॉलवर दोन तास शिकव, पैसे घेऊन. ते कुठे अडतात ते लिहून ठेव. कोर्स पुढे कधी करायचा झालाच तर तीच वही कामाला येईल. यूडेमीवर (ऑनलाइन कोर्स विकायची साइट) त्यांच्या शोधातून आलेला विद्यार्थी असेल तर तुझ्या हातात ३७ टक्के पडतात, तू स्वतःच्या लिंकने आणलास तर ९७. म्हणजे तिथेही आपले लोक आपणच आणायचे.

नाममात्र यांच्या दीड तासाच्या मुद्द्याला मात्र मान्य. महिन्याला दोनच कामं घे, तिसऱ्याला पुढच्या महिन्याची तारीख दे. तारीख दिली की लोक जास्त मानतात, का ते देव जाणे.

नऊ जणांना आज मेसेज कर. उद्या नाही.

शाईचा_डाग

केला. आधी त्या बाईंनाच केला, हात थरथरत होता, हसू नका. हे लिहिलं: "नमस्कार, मागे तुम्ही नाव लिहून देण्याबद्दल विचारलं होतंत. आता मी अशी कामं घेते. तीन नमुने, दोन दुरुस्त्या, दहा दिवसांत फाइल. निम्मी रक्कम आधी. नाव कुठे कुठे वापरणार ते कळवा, त्यावरून दर सांगते." आकडा लिहायची हिंमत झाली नाही म्हणून शेवटचं वाक्य घातलं, पण मग त्यांनी पाटी आणि पिशव्या असं कळवल्यावर सांगावाच लागला. रेषेवरची यांच्या हिशोबाने जो आला त्यातून थोडा कमी केला, ओरडू नका.

वीस मिनिटांनी उत्तर आलं: "चालेल. फक्त आमच्या नावातला ळ जरा मोठा काढा, मागच्या वेळी ज्याने काढला त्याचा ल वाटतो."

हे दुरुस्तीत धरायचं का?

रेषेवरची

काम सुरूच झालं नाहीये, दुरुस्ती कसली. निम्मे आले का?