धोटा मी देणार नाही

वापरात नसलेली अवजारं गरजूंना देऊन टाकावीत, असा सल्ला नुकताच वाचला. बऱ्याच अवजारांबाबत पटतं. माझा विणकामाच्या सुयांचा डबा मी स्वतः भाचीला दिला. पण धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी अवजार, नाही देणार!

वडील इथे सोलापुरात हातमागावर चादरी विणायचे. माग मोडीत निघाला, धोटा राहिला. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, पोटात धाग्याची कांडी बसायची खाच, कडेला धागा बाहेर पडायचं बारीक भोक. हाताच्या घासण्याने लाकूड चिंचोक्यासारखं गुळगुळीत झालंय. दोरीला झटका दिला की धोटा आपोआप पलीकडे धावतो, ही युक्ती जॉन के या इंग्रजाची, १७३३ सालची. त्याआधी रुंद कापडाला मागावर दोन माणसं लागत. वडिलांना हे नाव ठाऊक नव्हतं, झटका मात्र अचूक ठाऊक होता.

निवृत्तीनंतर मी सुतारकाम शिकतोय. मंगळवार पेठेतून लाकूड तासायची जुनी पटाशी आणली, दगडावर तेल टाकून तासभर घासली, तेव्हा कुठे सागावर कागदासारखी साल निघाली. आता त्याच सागाची, धोट्याच्या मापाची पेटी करतोय. कोपऱ्यांचे सांधे अजून नीट बसत नाहीत. कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा.