रेपो उतरला, मग वाळूजच्या शेडमध्ये नवं मशीन का येत नाही?

वाळूजकरीण (धागा सुरू करणारी)

फेब्रुवारी २०२५ ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. दर वेळी बातम्यांत तेच ऐकते: कर्ज स्वस्त झालं, आता उद्योग गुंतवणूक करतील. मला हे पटत नाही. का, ते माझ्या वहीतल्या आकड्यांनिशी सांगते.

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आमची प्रेस शॉप आहे. शीट मेटलचे पार्ट काढतो. बहुतेक माल जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या कंपनीला जातो. हिशेब माझ्याकडे असतो. आमची सीसी लिमिट, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेकडून उचलता येणारी रक्कम, ६० लाखांची, आणि ती जवळजवळ कायम पूर्ण वापरात. सव्वा टक्का व्याज उतरलं म्हणजे वर्षाला ७५ हजार वाचले. आनंद आहे, नाही म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. महिन्याला साधारण २२ लाखांची बिलं जातात. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ४५ दिवस लिहिलंय, पैसे येतात ९० व्या दिवशी. म्हणजे दीड महिन्याचं बिल, ३३ लाख रुपये, कायम त्यांच्याकडे अडकलेलं. तेवढेच पैसे मी बँकेकडून दहा टक्क्यांनी आणते, म्हणजे वर्षाला ३ लाख ३० हजार व्याज. रिझर्व्ह बँकेनं मला जे दिलं, त्याच्या चौपटीहून जास्त त्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यानं काढून घेतलं.

त्याच कंपनीचा वार्षिक अहवाल मी वाचला. म्युच्युअल फंडांतली गुंतवणूक वाढली, ‘इतर उत्पन्न’ वाढलं, शेअरधारकांना लाभांश जास्त मिळाला. मशिनरीवरचा खर्च मात्र घसाऱ्याच्या आसपासच. जुनं झिजलं तेवढंच नवं घेतलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आज पैसा महाग आहे म्हणून गुंतवणूक अडलेली नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना तो कारखान्यापेक्षा कागदावर ठेवणं सोयीचं झालंय. अशा वेळी व्याजदर कितीही खाली आणा, आधी फुगतो तो शेअरचा भाव. मशीन शेवटी, आलं तर.

निराला बाजार

ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण निष्कर्ष घाईचा वाटतो. मी पंधरा वर्षं म्युच्युअल फंडाचं काम करतोय. लिक्विड फंडात टाकलेला पैसा काही तिजोरीत पडून राहत नाही. तो फंड सरकारची ट्रेझरी बिलं घेतो, बँकांची ठेव प्रमाणपत्रं घेतो, दुसऱ्या कंपन्यांचे कमर्शियल पेपर, म्हणजे थोड्या मुदतीचे कर्जरोखे, घेतो. पैसा फिरतच असतो.

आणि शेअर बाजारावर सगळं खापर फोडायचं असेल तर आधी बिडकीनकडे बघा. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीनं एप्रिल २०२५ मध्ये आयपीओ आणला, म्हणजे पहिल्यांदा लोकांना शेअर विकले. त्यात २,६२६ कोटींचे नवे शेअर होते, आणि त्यातले ९२७ कोटी महाराष्ट्रातल्या कारखान्यासाठी राखून ठेवल्याचं कंपनीनं सांगितलं. तो कारखाना म्हणजे आपल्या संभाजीनगरजवळच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीतलं बिडकीन. बाजार तेजीत नसता तर तोट्यातल्या कंपनीला एवढं भांडवल कोणी दिलं असतं? बँकेनं तर दारातही उभं केलं नसतं.

जालनेकर

ताई, तुमचं बी खरंय, पण अर्धं. आमच्याकडं सळईचा धंदा. व्याज एक टक्का उतरलं म्हणून कुणी नवी भट्टी टाकत नसतं. भट्टी टाकायची तर आधी विजेचा दर बघावा लागतो, मग भंगाराचा भाव, अन् मग बांधकामं चालू हायेत का ते. देशभरातल्या कारखान्यांची सरासरी क्षमता रिझर्व्ह बँकेच्याच पाहणीत ७५ टक्क्यांच्या आसपास वापरात दिसती. पंचवीस टक्के मशीन रिकामं बसलेलं असताना कोण कामून नवं घेईल? कंपन्या पैसा फंडात ठेवायलेत, कारण मालाला उठाव नाही. कागदाचा मोह नंतरचा.

मूळ लातूर, मुक्काम पुणे

मी ताईंच्या धाग्यातल्या ‘त्या’ खुर्चीत बसतो. तुमच्या कंपनीत नाही, पण तशाच एका मोठ्या कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्या खात्यात. म्हणून आमची बाजू नीट मांडतो.

२००८ च्या आधी आणि नंतर काही वर्षं या देशातल्या कंपन्यांनी कर्ज काढून भरपूर गुंतवणूक केली. वीज प्रकल्प, रस्ते, पोलाद. तेव्हा कोणी म्हणत नव्हतं की कंपन्या गुंतवणूक करत नाहीत. पुढं काय झालं? मार्च २०१८ मध्ये बँकांची ढोबळ थकित कर्जं ११ टक्क्यांच्या वर गेली. कित्येक घराणी बुडाली, दिवाळखोरी कायद्याखाली कंपन्या विकल्या गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी कोसळली आणि चांगल्या कंपन्यांनासुद्धा तीन महिन्यांचे कर्जरोखे विकणं अवघड झालं. मग आला २०२०. ज्यांच्या हाताशी रोकड होती त्यांनी कामगारांचे पगार दिले, बाकीच्यांनी गेटला कुलूप लावलं.

आमच्या संचालक मंडळाला हे सगळं आठवतं, म्हणून त्यांनी आधी कर्ज फेडलं. रोकड बाळगणं हा त्यांच्यासाठी मोह नाही, विमा आहे. त्यांच्यापुढे नव्या प्लँटचा प्रस्ताव गेला की ते रेपो विचारत नाहीत. ‘पाच वर्षं ही ऑर्डर टिकेल का? चिनी माल याच भावात आला तर?’ हे विचारतात. वर्षाला चौदा-पंधरा टक्के परतावा दिसला नाही तर फाइल परत येते. रेपो सव्वा टक्का उतरल्यानं त्या हिशेबात फारसा फरक पडत नाही, हे मी मान्य करतो. पण याला वित्तीकरण, म्हणजे कारखाना सोडून कागदावर पैसा कमावणं, हे नाव देणं मला अन्यायाचं वाटतं. कर्ज फेडणारा माणूस सट्टेबाज नसतो.

परभणीची प्राध्यापिका

कर्जमुक्तीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो २०१८ पर्यंतचा इतिहास झाला. त्यानंतर ताळेबंद सावरले, सप्टेंबर २०२४ पर्यंत बँकांची थकित कर्जं २.६ टक्क्यांवर आली. मग गुंतवणुकीची लाट यायला हवी होती.

काय काय करून झालं ते बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केला, नव्या कारखान्यांसाठी १५. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आणला, आणि तो दोन वर्षं तिथेच होता. म्हणजे करही कमी, व्याजही कमी. नफा वाढला, यात वाद नाही. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणीनुसार निफ्टी ५०० मधल्या, म्हणजे शेअर बाजारातल्या पाचशे मोठ्या कंपन्यांचा नफा २००२-०३ मध्ये जीडीपीच्या २.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४.८ टक्के झाला. मोठ्या कंपन्यांचा नफा वेगानं वाढला पण नोकऱ्या आणि पगार त्या चालीनं वाढले नाहीत, ही खंतही त्याच पाहणीत आहे. जालनेकर भाऊ, उठाव नाही म्हणता ना? पगारच वाढले नाहीत तर उठाव येणार कुठून?

स्वस्त पैसा आधी कुठं गेला हे सेन्सेक्सनं दाखवलं. मार्च २०२० मध्ये २६ हजारांखाली गेलेला सेन्सेक्स सप्टेंबर २०२१ मध्ये ६० हजार ओलांडून गेला. ही चढण सुरू झाली तेव्हा कारखाने धड सुरूही झाले नव्हते. यात गूढ काही नाही. ठेवीवरचं व्याज उतरलं की पैसा जास्त परताव्याच्या शोधात बाजारात जातो, कारण तिथं एका दिवसात जाता येतं आणि एका दिवसात बाहेर पडता येतं. कारखान्यात गेलेला पैसा पंधरा वर्षं बाहेर निघत नाही.

निराला बाजार यांनी एथरचं उदाहरण दिलं, आणि ते खरंच चांगलं आहे. पण ऑक्टोबर २०२४ मधला ह्युंदाईचा आयपीओही शेजारी ठेवा. २७,८७० कोटींचा, तोवरचा देशातला सर्वांत मोठा. तो पूर्णपणे ‘ऑफर फॉर सेल’ होता. म्हणजे कोरियातल्या मूळ कंपनीनं आपले शेअर विकले आणि पैसे घेतले. भारतातल्या कंपनीच्या खात्यात त्यातला एक रुपया आला नाही. वर्तमानपत्रात दोन्ही बातम्यांचा मथळा ‘भांडवल उभारणी’ असाच दिसतो. मी वर्गात मुलांना सांगते, आयपीओ आला की आधी विचारा, नवे शेअर किती आणि जुने किती.

मात्र ताई, एका ठिकाणी तुमच्याशी मतभेद. तुमचे ९० दिवस हा पतधोरणाचा दोष नाही. ती ताकदीची गोष्ट आहे. रेपो ८ असता तरी त्यांनी तुम्हाला थांबवलंच असतं.

बिडकीन फाटा

मी कंपन्यांचं सांगू शकत नाही, गावाचं सांगतो. आमच्याकडं जमिनी गेल्या, मोबदला आला. ज्यांनी दुकान टाकलं, जेसीबी घेतला, त्यांचं बरं चाललंय. पण माझ्या वयाची कितीतरी पोरं मोबाइलवर ऑप्शनमध्ये उतरली, म्हणजे बाजार वर जाईल की खाली यावर डाव लावायला लागली. सकाळी सव्वानऊला टपरीवर सगळ्यांच्या माना खाली. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सांगितलंय की २०२४-२५ मध्ये अशा सौद्यांत ९१ टक्के लोकांचं नुकसान झालं, एकूण १ लाख ५ हजार कोटी. माझे स्वतःचे गेलेत त्यात. ते पैसे आमच्याच तालुक्यात राहिले असते तर आज एखादं वेल्डिंगचं शेड उभं असतं. मॅडम म्हणतात तसं कंपन्याच नाही, आम्ही पण तिकडंच गेलो.

निराला बाजार

भाऊ, ऑप्शन आणि गुंतवणूक एका तराजूत तोलू नका. एसआयपी करणारा मास्तर आणि दर आठवड्याला डाव लावणारा पोरगा सारखे नाहीत.

ताई, तुमच्या प्रश्नाला कायदा आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, एप्रिल २०२४ पासून लागू. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर कंपनीला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. ट्रेड्स हा लहान उद्योगांना बिलांवर आधीच पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच आहे, २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची आहे. बाजाराला शिव्या देण्याआधी हे वापरलंत का?

वाळूजकरीण

वापरलं. म्हणूनच सांगते.

४३बी(एच) मध्ये वजावट ‘पैसे दिले त्या वर्षी’ मिळते. त्यामुळे वर्षभर ९० दिवस लावले आणि थकलेलं ३१ मार्चच्या आत चुकतं केलं, तर कंपनीचं काहीच बिघडत नाही. आमच्याकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैशांचा पाऊस पडतो, आणि जूनपर्यंत परत कोरडं. ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, पण माझं बिल तिथं मान्य करण्याची सक्ती नाही. त्यांनी मान्य केल्याशिवाय कोणतीही बँक त्यावर पैसे देत नाही. आम्ही चार बिलं टाकली, चारही तशीच पडून आहेत. विलंबावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायचा हक्क २००६ पासून कायद्यात आहे. तो मागितलेला एकही शेजारी मला माहीत नाही, कारण पुढच्या महिन्याचं शेड्यूल त्याच माणसाच्या हातात असतं.

रेपोचंही पूर्ण सांगते. सीसीचा दर उतरला, कारण सूक्ष्म-लघु उद्योगांची बदलत्या दराची बँक कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. पण आमची आधीची प्रेस एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या वित्त कंपनीच्या) कर्जावर घेतलीय, ठरलेल्या दरानं. तिचा हप्ता एक रुपयानंही कमी झाला नाही. मशीनसाठी घेतलेल्या कर्जावरच सूट नाही, मग मशीन घेण्याचा उत्साह कुठून आणू?

मॅडम, ताकदीचं तुमचं बरोबर आहे. पण त्या ताकदीतून वाचलेले माझे ३३ लाख फंडात जातात आणि ‘इतर उत्पन्न’ म्हणून छापले जातात. मग दोन गोष्टी वेगळ्या कशा मानू?

मूळ लातूर, मुक्काम पुणे

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. आमच्याकडे पुरवठादारांचे पैसे द्यायचे दिवस वाढले की ‘रोख चक्र सुधारलं’ असं सादरीकरणात लिहितात. मागच्या वर्षी ती स्लाइड मीच केली होती. ते दिवस कोणाच्या सीसीतून येतात, हे त्या बैठकीत कोणी विचारलं नाही. मीही नाही. ही चूक आहे, आणि आमच्या खात्याची आहे.

तरी माझा मूळ प्रश्न कायम आहे, आणि ताई, प्रामाणिक उत्तर द्या. उद्या ४५ दिवसांत पैसे यायला लागले तर तुम्ही मशीन घ्याल? की तुम्हीही एफडी कराल?

जालनेकर

हा प्रश्न बरोबर हाय. ऑर्डर हाय का, ते बी सांगा.

वाळूजकरीण

ऑर्डर आहे. दोन शिफ्ट पुरत नाहीत. मोठे पार्ट शेजारच्या शेडमधून जॉब वर्कनं काढून घेतो, कारण आमच्याकडे २५० टनी प्रेस नाही. नगाला साडेतीन रुपये बाहेर जातात. त्या प्रेसचं ५२ लाखांचं कोटेशन माझ्या टेबलावर आहे. बँक २५ टक्के मार्जिन मागते, म्हणजे १३ लाख माझ्या खिशातून. ते १३ लाख माझ्याच ३३ लाखांत आहेत.

घेईन की. एफडी करायला मी कारखाना काढला नाही. कोटेशनची मुदत दोनदा वाढवून घेतली, आज सकाळी तिसऱ्यांदा फोन केला. तो म्हणाला, मॅडम, महिनाअखेरपर्यंत थांबतो, नंतर भाव नवा.