बाईकवरून नेपाळ, सोबत दोन पोरं : कोल्हापुरातून कुणी गेलंय का?

शाहूपुरीची ताई :
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून आज विचारतेच. दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला गाडीवरून जायचं ठरवतोय. ह्यांची बुलेट आणि माझी हंटर, मी ४ वर्षं झाली गाडी चालवतेय, गोकर्णापर्यंत जाऊन आलोय. मुलगा ११ वर्षांचा, तो ह्यांच्या मागं, मुलगी ७ वर्षांची, ती माझ्या मागं. आमच्या देवघरात सासऱ्यांनी आणलेला गंडकीतला शाळीग्राम आहे आणि सासूबाईंची फार इच्छा आहे की आम्ही नेपाळातल्या मुक्तिनाथाला जाऊन यावं. हाताशी १६ दिवस आहेत. पासपोर्ट एकट्या माझा आहे, ह्यांचा आणि मुलांचा नाही, शिवाय ह्यांची बुलेट अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. कुणी म्हणतं कार्नेट, म्हणजे गाडी परदेशात न्यायचा कस्टमचा कागद, काढा, कुणी म्हणतं इंटरनॅशनल लायसन लागतं. आणि खरी काळजी मुलीची, एवढं अंतर तिला झेपेल का?

उद्यमनगरवाला :
ताई, आधी कागदाचं सांगतो. नेपाळला कार्नेट लागत न्हाई, आपलं लायसन चालतंय, व्हिसा न्हाई. दाजींचं मतदान कार्ड असलं की झालं, पासपोर्टच पाहिजे असं न्हाई, पण नुसत्या आधारवर मोठ्या माणसानं जाऊ नये. पोरं १५ च्या आतली हायत, त्यांना आधार चालतंय, तरी जन्मदाखला सोबत घ्या. यूपीतल्या सुनौलीला सीमा ओलांडून पलीकडं गेलं की गाडीचा भन्सार करायचा, म्हणजे कस्टमची पावती, जेवढे दिवस राहणार तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे. दोन दिवस जास्तीचेच भरा, रस्त्यात दरड आली आणि मुदत संपली तर दंड बसतोय. बुलेट सासऱ्यांच्या नावावर हाय म्हणताय तर त्यांचं संमतीपत्र आणि ओरिजिनल आरसी घेतल्याशिवाय निघूच नका. मी भावाची गाडी नेली होती आणि आरसीची झेरॉक्स तेवढी घेतली, सीमेवर अर्धा दिवस गेला माझा. इन्शुरन्सवाल्याकडनं नेपाळची वाढीव नोंद करून घ्या, साध्या पॉलिसीत ती नसती. आणि शंभरच्या नोटा भरपूर ठेवा, आपल्या १०० चे तिकडं १६० होतात.

राजारामपुरीची वैनी :
मी पोरीबद्दल बोलते, कारण आम्ही आमच्या ८ वर्षांच्या लेकीला घेऊन इंदूरपर्यंत गेलो होतो. पहिले दोन दिवस लय मजेत, गाणी काय, हात हलवणं काय. तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या पुढं दुपारी माझ्या पाठीला तिचं हेल्मेट टक टक लागायला लागलं. मला वाटलं खेळतेय. दोन-तीनदा लागलं आणि मग जे काय कळलं त्यानं हातपाय गार पडले, पोरगी पेंगत होती हो. गाडी बाजूला घेतली, तिथंच लिंबाच्या झाडाखाली तिला मांडीवर तासभर झोपवलं. तिथनं पुढं रोज १५० किलोमीटरच्या वर गेलो न्हाई आणि जेवणानंतर दोन तास गाडी बंद.
आता तुम्हीच हिशोब करा. कोल्हापूर ते सुनौली जवळपास २००० किलोमीटर, ह्या चालीनं जायलाच १३ दिवस. म्हणून माझं ऐकाल तर पुणे-गोरखपूर रेल्वे आहे, गाड्या पार्सलला टाका, तुम्ही बर्थवर झोपून जा. गोरखपूरहून सुनौली शंभरेक किलोमीटर. जी ट्रिप करायची ती तिथनं पुढं करा. मुलीचे पाय फूटरेस्टला नीट टेकतात का ते मात्र आजच बघा, लोंबकळत असतील तर न्यायचंच न्हाई.

पंचगंगा रायडर :
मला हे पटत नाही. दारातनं किक मारून निघायचं आणि देश ओलांडायचा ह्यातच सगळं आहे, रेल्वेनं गेलं की ते राहतंच कुठं. पण वैनींचं पेंगण्याचं वाचलं आणि गप्प बसलो, पोरं असताना रेल्वेच बरी. फक्त एक ध्यानात घ्या, दिवाळी आणि छठच्या टायमाला त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सुटतं, त्याच दिवशी काढा, आणि गाड्या आठवडाभर आधीच पाठवा. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची कॉपी लागते, आरसे काढून ठेवा, गोणपाट बांधून घ्या.
सुनौलीतनं पोखऱ्याला पाल्पावरून जा, १८० किलोमीटर म्हणजे काही वाटत नाही पण सगळी वळणं, म्हणून पाल्प्याला मुक्काम करा. पोखऱ्याच्या पुढं मात्र मी स्पष्ट सांगतो, मुक्तिनाथाच्या वाटेवर बेनी गावाच्या वर जोमसोमपर्यंत मुलं गाडीवर नेऊ नका. धोंडे, चिखल, ओढ्यातनं रस्ता, आणि काली गंडकीच्या खोऱ्यात दुपार झाली की असा वारा सुटतो की उभी गाडी हलते. मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या वर आहे, पोखरा जेमतेम ८००. गाड्या पोखऱ्यात ठेवा, जीप करा, जोमसोमला एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी सकाळी वर जा, पोरांना उंची सोसायला तेवढा वेळ द्या. अन्नपूर्णा भागाचं परमिट पोखऱ्यातच काढा, आपल्याला सार्क देशांसाठीचा कमी दर लागतो.

उद्यमनगरवाला :
जीपचं बरोबर हाय. आणि निघायच्या आधी दोन्ही गाड्यांची चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड बघून घ्या, क्लच केबल आणि ट्यूब जास्तीची ठेवा. घाटात उतारावर नुसता ब्रेक धरू नका, गिअरवर उतरवा.

शाहूपुरीची ताई :
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना वाचून दाखवलं. आधी नाहीच म्हणत होते, मग हेल्मेटचं ऐकून स्वतःच म्हणाले रेल्वेनंच जाऊ. मुलीचे पाय बघितले, बोटं टेकतात पण टाच नाही, म्हणून उद्या मिस्त्रीकडं जाऊन फूटरेस्ट वर घेता येतंय का विचारणार. झालं तर रविवारी गगनबावड्याला जाऊन येतो, जायला ५५ आणि यायला ५५, मध्ये कळे आणि साळवणला थांबायचं. ती तेवढ्यात कंटाळली तर ह्या वर्षी नेपाळ नाही, हे तिलाही सांगितलंय. सासूबाईंना जीपचं सांगितलं, त्या म्हणाल्या देवाला काय, पाय पोचले म्हणजे झालं.
वैनी, एवढंच सांगा, पुण्यात गाड्या पार्सलला देताना तुम्हाला माहितीतलं कुणी आहे का, गोणपाट आपलं न्यायचं की तिथं बांधून देतात?

राजारामपुरीची वैनी :
तिथं बांधून देणारे बसलेले असतात. पण हँडल आणि टाकीला घरनं जुनी गोधडी गुंडाळून न्या.