निर्यातबंदी नको, अनुदानही नको : गरिबी माल विकूनच हटेल

माढेकर : कर्जमाफी, फुकट धान्य यांनी गरिबी झाकली जाते. ती हटते चार पैसे गाठीला लागले की. सोलापूर बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रीघ लागते. 2023 मध्ये ऐन त्याच वेळी, 8 डिसेंबरला, केंद्राने निर्यात बंद केली. उठवली 4 मे 2024 ला, आमचा लाल कांदा संपल्यावर! शहराला स्वस्त कांदा, आणि भुर्दंड आम्हाला. सरकारने काही देऊ नये, फक्त आडवं येऊ नये.

बार्शी_लाईट : फेब्रुवारी 2023 विसरलात? तेव्हा निर्यात खुलीच होती. तरी आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे, हमाली-तोलाई-मोटारभाडं वजा जाता, दोन रुपये आले. तेही पुढच्या तारखेच्या चेकने! आणि फळं-भाज्या समितीबाहेर विकायची मुभा राज्याने 2016 लाच दिलीय. मग?

माढेकर : मुभा आहे हो, पण बाहेर घेणारा कुठंय? 2023 च्या ऑगस्टात निर्यातीवर 40 टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी. अशा ठिकाणी कांदा वाळवायचा कारखाना कोण काढेल? लाल कांदा साठवणीच्या कांदाचाळीत टिकत नाही, म्हणून तर असा गिऱ्हाईक हवा.

पूर्वभाग : तुमचं दोघांचं रान तरी आहे. माझी आई बिड्या वळते. पान, तंबाखू, सूत आणायचं, घरी सूप मांडीवर घेऊन वळायचं, नेऊन द्यायचं. तपासणारा मूठभर खराब म्हणून बाजूला काढतो, त्याचे पैसे नाहीत. त्या बिड्या तो टाकून देतो असं वाटतं का? तिला कुठल्या सरकारने अडवलंय?

माढेकर : ताई, अडवलंच की. तयार कपडे 2000 च्या वस्त्रोद्योग धोरणापर्यंत लघुउद्योगांसाठी राखीव होते. म्हणजे कारखान्याने मोठं व्हायचंच नाही. तेवढ्यात बांगलादेश पुढे निघून गेला. काम देणारे चार झाले असते तर तपासणाऱ्याने हात आवरला असता.

पूर्वभाग : युनिफॉर्म शिवणारे आहेत की सोलापुरात. आमची शेजारीण जाते. नगावर पैसे, आणि कुठंही जा, रेट तोच.

माढेकर : मग बायकांनी मिळून स्वतःच्या मशिनी टाकाव्यात. बचत गटाला विनातारण कर्ज मिळतं.

पूर्वभाग : मिळालंय. दवाखान्यात गेलं. हप्ते चालू आहेत.